जांभळाची बाग: आधी तोडणारे हात आणि गिऱ्हाईक, मग खड्डे

जांभळाच्या बागेत नुकसान झालेल्या शेतकऱ्यांची झाडं बहुतेक वेळा चांगली असतात. कलमं जगलेली असतात, फळही भरपूर लागलेलं असतं. फटका बसतो तो तोडणीच्या दिवसांत. रोज पिकणारं फळ उतरवायला माणसं मिळत नाहीत. उतरवलं तर ठेवायला क्रेट नसतात. क्रेट भरले तर टेम्पो दुपारच्या उन्हात निघतो आणि बाजारात पोचेपर्यंत खालच्या थराचा रस गळायला लागतो. पिकलेलं जांभूळ साध्या हवेत एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे या पिकात कामाचा क्रम उलटा लावावा लागतो: विक्री आणि तोडणी आधी ठरवायची, झाडांची संख्या त्यावरून काढायची आणि खड्डे सगळ्यात शेवटी घ्यायचे.

हा लेख मराठवाड्यातल्या घरच्या शेतीसाठी आहे. घरातली चार माणसं राबतात, विहीर किंवा बोअर आहे आणि मे महिन्यात पाण्याची ओढाताण असते, असं गृहीत धरलं आहे.

## टप्पा १: हात मोजा, मग झाडं मोजा

८ बाय ८ मीटर अंतरावर एकरात साधारण ६३ झाडं बसतात. पूर्ण वाढलेल्या कलमी झाडाला ६० ते ७० किलो फळ धरलं तर एकरी चार टनांच्या आसपास माल होतो. हा माल तीन-चार आठवड्यांत पिकतो. म्हणजे रोज सरासरी दीडशे किलो, आणि ऐन भरात त्याच्या दुप्पटही.

आता तोडणीचा हिशेब करा. एकाच घोसात काही जांभळं काळी, काही लाल, काही हिरवी असतात. काळी तेवढी निवडून हातानं काढायची म्हटलं की वेग कमी होतो. समजा एका माणसाचे तासाला पाच किलो झाले, तर सकाळच्या चार तासांत वीस किलो. तीनशे किलोंच्या दिवसाला पंधरा माणसं लागली. याच दिवसांत मृगाचा पाऊस पडतो, गावातला प्रत्येक मजूर सोयाबीन-कापसाच्या पेरणीला जातो आणि तुमची स्वतःची पेरणीही तिथंच येते.

म्हणून माझा सल्ला असा: चार कामाची माणसं असलेल्या घरानं २५ ते ३० झाडांपासून सुरुवात करावी. आठ बाय आठवर एवढी झाडं वीस गुंठ्यांत बसतात. पुढची झाडं पहिली तोडणी अंगावर घेतल्यानंतर लावावीत.

तपासा: लागवडीच्या आधीच्या हंगामात ओळखीच्या कुणाच्या बांधावरच्या जांभळावर सकाळी दोन तास तोडणी करून बघा. वजन करा. तोच तुमच्या घराचा खरा वेग. वर घेतलेला पाच किलोंचा आकडा हिशेबापुरता आहे.

त्याच हंगामात गिऱ्हाईक शोधा. तुमच्या गावापासून दोन तासांच्या आत कोणती शहरं येतात? लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर यांपैकी एक तरी येईलच. तिथल्या चार-पाच फळवाल्यांकडे जाऊन तीन प्रश्न विचारा: जांभूळ कुठून येतं, कोणत्या तारखांना येतं आणि रोज किती किलो खपतं. भाव शेवटी विचारा. भाव दर आठवड्याला हलतो, पण रोजचा खप समजला की किती झाडांचा माल त्या शहरात जिरेल हे कळतं.

## टप्पा २: जमीन आणि मे महिन्याचं पाणी

जांभूळ जमिनीच्या बाबतीत फारसं आडमुठं नाही. मध्यम काळी, मुरमाड, थोडी चोपण जमीनही त्याला चालते, आणि काही दिवस पाणी साचलेलं सहन करतं. त्यामुळे बरेच जण सगळ्यात वाईट तुकडा जांभळाला देतात. हे झाड जगवण्यापुरतं ठीक आहे. विकायला मोठं, गरदार फळ हवं असेल तर निदान मीटरभर खोल मुळं जातील अशी जागा हवी. वीतभर मातीखाली सलग खडक असलेल्या बरड माळावर झाड उभं राहतं, पण फळ बारीक आणि बीभरलं येतं.

माती परीक्षण करून घ्या. अहवालात सामू (पीएच) आणि चुनखडीचं प्रमाण बघा. चुनखडी जास्त असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं लोहाच्या कमतरतेचं लक्षण पुढं दिसू शकतं. तो रोग समजून बुरशीनाशक मारत बसू नये.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. फळ पोसायला लागतं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आपल्याकडे विहिरी तळ गाठतात तेव्हा. त्या दिवसांत पाणी तुटलं तर फळ गळतं किंवा सुकट राहतं.

तपासा: मागच्या तीन उन्हाळ्यांत २० मे रोजी तुमच्या विहिरीला किंवा बोअरला रोज किती वेळ पाणी होतं, हे घरात बसून आठवा आणि लिहा. एका उन्हाळ्यात जरी टँकर आणावा लागला असेल, तर आधी शेततळं किंवा पाण्याची दुसरी सोय करा. बाग त्यानंतर.

## टप्पा ३: अनुदान घ्यायचं असेल तर कागद आधी

जांभूळ हे भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतल्या फळपिकांत आहे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर होतो आणि अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं. जॉबकार्ड असलेल्यांनी आधी रोजगार हमीतून फळबाग लागवडीची चौकशी करावी.

सावधान: पूर्वसंमती हातात येण्याआधी खड्डे घेऊ नका, कलमंही आणू नका. आधी झालेल्या कामाचं अनुदान अडकतं. योजनेत मंजूर असलेलं लागवडीचं अंतर कृषी सहायकाकडून विचारून घ्या आणि आखणी त्याप्रमाणेच करा. पुढचे हप्ते जिवंत झाडांच्या प्रमाणावर अवलंबून असतात, म्हणून मेलेल्या झाडाच्या जागी वेळेत नांग्या भरा. लागवडीनंतर सातबाऱ्यावर फळबागेची नोंद झाली का, हेही बघा.

## टप्पा ४: कलम विकत घेताना

सगळ्यात महागात पडणारी चूक इथं होते, आणि ती कळायला पाच-सहा वर्षं लागतात. मोठ्या फळाचा फोटो दाखवून बियांचं रोप कलम म्हणून विकलं जातं. बियांचं झाड फळावर यायला आठ-दहा वर्षं घेतं आणि त्याचं फळ कसं निघेल याचा भरवसा नसतो. चांगलं कलम चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ दाखवतं.

व्यापारी लागवडीसाठी आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ ही मोठ्या फळाची जात जास्त चालते. तिचं फळ गावरान जांभळाच्या आधी बाजारात येऊ शकतं, आणि इथं दोन आठवड्यांची आघाडी फार मोलाची असते, कारण पाऊस सुरू झाला की चव, टिकाऊपणा आणि भाव तिन्ही एकदम उतरतात. तरी सगळी झाडं एकाच जातीची लावू नका. चार-पाच झाडं चांगल्या गावरान झाडाच्या काडीपासून बांधलेली ठेवा. त्यांचं उशिराचं फळ पल्पला, म्हणजे गर काढायला उपयोगी पडतं.

रोपवाटिकेत उभं राहून हे बघा:

- खोडावर जमिनीपासून वीतभर उंचीच्या आसपास कलमाचा सांधा स्पष्ट दिसला पाहिजे. पाचर कलमात ‘व्ही’च्या आकाराची खूण असते. सांधा न दिसणारं रोप बियांचं समजा.
- सांध्याच्या वर निदान दोन वेळा नवी पालवी येऊन गेलेली असावी. नुकतं बांधलेलं कलम प्रवासात आणि पहिल्या उन्हात दगावतं.
- सांध्याखालून फुटलेली फांदी असेल तर ते कलम घेऊ नका.
- एक पिशवी कापून मुळं बघायची मागणी करा. पिशवीच्या तळाशी मूळ गोल वेटोळं घालून बसलं असेल तर तो सगळा लॉट जुना आहे.
- पावतीवर जातीचं नाव आणि रोपवाटिकेचा परवाना क्रमांक लिहून घ्या. जो पावती देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पाच वर्षं सांभाळायच्या झाडासाठी स्वस्त रोप शोधत फिरणं मला कधीच पटलेलं नाही. जातिवंत कलम दुप्पट भावानं मिळालं तरी घ्या.

घरी कलमं बांधायची असतील तर बिया ताज्या पेरा. जांभळाच्या बियांची उगवणशक्ती झपाट्यानं कमी होते. फळ खाल्ल्यावर बी धुऊन आठवड्याच्या आत पिशवीत गेली पाहिजे, पुढच्या वर्षासाठी ठेवून उपयोग नाही.

## टप्पा ५: खड्डे आणि लागवड

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या आणि दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. मुरमाड जमिनीत एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा हवा. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरची माती, २० ते २५ किलो चांगलं कुजलेलं शेणखत, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळा. मुरूम परत आत टाकू नका.

भारी काळ्या जमिनीत मात्र खोल खड्डा म्हणजे पाण्याचं डबकं. तिथं खड्डा लहान ठेवा आणि भरल्यावर जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंबा करून त्यावर कलम लावा. नवीन कलमाची मुळं अजून कोवळी असतात, मोठ्या झाडासारखं साचलेलं पाणी ती सहन करत नाहीत.

लागवड जून-जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाल्यावर. पहिल्या सरीला भुलू नका. मराठवाड्यात मृगानंतर वीस-वीस दिवसांचा खंड नवीन नाही.

क्रम असा ठेवा: खड्ड्याच्या मधोमध पिशवीएवढी जागा उकरा. पिशवी ब्लेडनं उभी कापून काढा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका. कलम ठेवा, माती लोटा, हातानं दाबा, पाणी द्या. शेवटी बांबूचा आधार वाऱ्याच्या बाजूला रोवून सैल बांधा.

सावधान: सांधा जमिनीच्या वर चार बोटं तरी राहिला पाहिजे. वरंब्याची माती खचून किंवा खुरपताना भर लागून तो गाडला जातो, म्हणून पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर हलक्या हातानं सोडा, नाहीतर ती खोडात रुतते.

कुंपणाचा खर्च झाडांच्या खर्चात धरा. शेळ्या, मोकाट जनावरं आणि काही भागात रोही (नीलगाय) एका रात्रीत सगळे शेंडे खुडून टाकतात.

## टप्पा ६: पहिली चार वर्षं

पहिल्या दोन वर्षांत एक काम बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं: सांध्याखालची फूट काढणं. खुंट, म्हणजे सांध्याखालचा भाग, हा गावरान बियांचा असतो आणि कलमापेक्षा जोमदार असतो. त्याची एक फांदी दुर्लक्षानं वाढली तर ती कलमाला दाबते आणि कलम मरतं. झाड हिरवंगार दिसतं, मालक खूश असतो, आणि सहाव्या वर्षी बोराएवढं जांभूळ लागतं. दर महिन्याला एकदा बागेत वाकून चक्कर मारा आणि ही फूट कोवळी असतानाच बोटांनी मोडा.

झाडाचा आकारही याच वर्षांत ठरतो. जांभूळ मोकळं सोडलं की सरळ आभाळात जातं, आणि तीस फुटांवरचं फळ विकायच्या कामाचं नाही. खोड गुडघा ते मांडीएवढं उंच झालं की शेंडा छाटा. चहूबाजूंना जाणाऱ्या तीन-चार फांद्या ठेवा, बाकीच्या काढा. त्या फांद्या हातभर वाढल्या की पुन्हा शेंडा मारा. आत ऊन शिरेल असं मध्यभागी मोकळं आणि शिडीवरून हात पोचेल एवढं बुटकं झाड हे आपलं लक्ष्य. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तुरळक मोहर आला तर खुडून टाका.

आंतरपीक म्हणून मूग, उडीद, सोयाबीन, हरभरा चालेल. उंच वाढणारी आणि सतत फवारणी लागणारी पिकं टाळा. रोटाव्हेटर खोडापासून चार-पाच फूट लांबच फिरवा. वरवरची मुळं तुटली की झाड वर्षभर मागं पडतं.

खताचं फार अवघड नाही. लहान झाडाला दरवर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला दहा-पंधरा किलो शेणखत, झाड मोठं होईल तसं वाढवत ५०-६० किलोंपर्यंत. रासायनिक खताची मात्रा माती परीक्षणावरून कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठरवा. नत्र अति झालं तर पानं वाढतात, मोहर कमी येतो.

## टप्पा ७: पाण्याचा ताण, मोहर आणि पुन्हा पाणी

फळावर आलेल्या झाडाला पावसाळा संपल्यावर पाणी कमी करत जा. भारी जमिनीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पूर्ण बंद ठेवलं तरी चालतं, हलक्या जमिनीत पानं लोंबायला लागणार नाहीत एवढं अगदी थोडं द्या. या ताणामुळे नवी पालवी थांबते आणि झाड मोहराकडे वळतं. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी सोडताना शेजारच्या जांभळाच्या ओळीलाही पाणी जातं आणि मग ‘यंदा झाड फुललंच नाही’ अशी तक्रार येते. फळ सुरू झाल्यानंतर रब्बीचं आंतरपीक थांबवा.

मोहर साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत दिसतो. मोहर दिसला की पाणी सुरू करा, पण थोडं थोडं. ताणावरच्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं तर मोहर झडतो. फळ ज्वारीच्या दाण्याएवढं झाल्यावर मात्रा वाढवा आणि तोडणीपर्यंत खंड पडू देऊ नका. खोडापासून थोडं लांब, फांद्यांच्या घेराखाली पाणी द्या आणि तिथं उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड अंथरा. एप्रिलच्या उन्हात आच्छादनाशिवाय दिलेलं पाणी अर्धं वाया जातं.

सावधान: मोहर फुललेला असताना कीटकनाशक फवारू नका. मधमाश्या आणि माश्या याच दिवसांत काम करतात. फुलं आणि बारीक फळं मोठ्या प्रमाणात गळणं हा जांभळाचा स्वभाव आहे, ते बघून घाबरून औषधाच्या दुकानात धावू नका.

खोडावर भुशासारखी जाळी दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची आहे. जाळी खरवडून भोक शोधा, तार घालून अळी मारा, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत ढकला आणि चिखलानं लिंपा.

## टप्पा ८: तोडणीच्या महिनाभर आधी

इथून पुढे कामं तारखेनं करायची. फळ हिरवं-गुलाबी दिसायला लागलं की ही यादी हातात घ्या.

फळमाशीसाठी मिथिल युजेनॉलचे (नर माशीला ओढून घेणारं रसायन) सापळे एकरी चार-पाच, सावलीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगा. तेवढ्यानं भागत नाही. खाली पडलेलं फळ रोज गोळा करून खड्ड्यात पुरा, कारण अळी त्याच फळातून जमिनीत जाते आणि नवी माशी होऊन वर येते. अळी निघालेला एक डबा गिऱ्हाईकाच्या घरी गेला तर ते घर कायमचं तुटतं.

फळ रंगायला लागल्यावर कुठलीही फवारणी नको. हे फळ साल न काढता, बऱ्याचदा झाडाखालीच तोंडात टाकलं जातं.

जाळी, शिड्या, खांद्याला अडकवायच्या कापडी झोळ्या, उथळ क्रेट, झाकणाला भोकं असलेले डबे, वजनकाटा, ताडपत्रीचा किंवा कुडाचा मांडव, हे सगळं १५ मेपर्यंत शेतात असलं पाहिजे. डबे आणि क्रेट ऐन हंगामात महाग होतात आणि वेळेवर मिळतही नाहीत. मांडव झाडांच्या जवळच घाला.

तपासा: तोडणाऱ्यांची नावं कागदावर लिहा आणि पेरणी आली तर त्यांच्यापैकी कोण थांबेल हे आत्ताच विचारा. मजुरी किलोवर ठरवू नका. किलोवर ठरवली की लाल फळंही टोपलीत येतात. दिवसावर ठरवा.

## टप्पा ९: तोडणी

जांभूळ तोडल्यावर पिकत नाही. आंबा किंवा सीताफळ कच्चं उतरवून आढीत पिकवता येतं, जांभळाला ती सोय नाही. लालसर तोडलं तर ते लालसर आणि तुरटच राहतं. पूर्ण काळं, चकाकी असलेलं, बोटानं दाबल्यावर किंचित नरम पण घट्ट फळ तोडायचं. चकाकी जाऊन मऊ पडलेलं फळ वेगळ्या झोळीत टाका, ते पल्पचं.

उजाडल्याबरोबर सुरू करून साडेनऊ-दहाला थांबा. मेच्या उन्हात दुपारी तोडलेलं फळ आतून तापलेलं असतं, संध्याकाळपर्यंत ते घामेजतं. प्रत्येक झाडावर रोज किंवा एक दिवसाआड हात फिरलाच पाहिजे. दोन दिवस चुकले तर काळं फळ खाली पडतं.

फळ छोट्या देठासकट काढा. देठाच्या जागी सालीला भोक पडलं की रस तिथूनच सुटतो. झोळी पोटापाशी येईल अशी बांधा आणि तीन-चार किलो झाले की रिकामी करा.

सावधान, आणि हे सगळ्यांनी ऐका: जांभळाचं लाकूड ठिसूळ असतं. हाताएवढी जाड फांदीही माणसाच्या वजनानं न वाकता एकदम मोडते. घरातल्या पोरांना ‘चढ वर’ म्हणू नका, मजुरालाही नाही. तिपाई शिडी वापरा. जुनी उंच झाडं असतील तर पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीत करतात तशी झाडाभोवती बांबूची परांची बांधा. तिला खर्च येतो, पण माणूस पडण्यापेक्षा तो कितीतरी कमी. जिथं परांचीही जमत नाही, तिथं खाली जाळी किंवा जुन्या साड्या ताणून धरा आणि फांदी बांबूच्या आकड्यानं हलवा. ते फळ खाण्याच्या मालात मिसळू नका, पल्पलाच द्या. काठीनं झोडपणं पूर्ण बंद करा. पुढच्या वर्षी मोहर याच काड्यांवर यायचा असतो.

## टप्पा १०: निवड आणि भरणी

मांडवात स्वच्छ कापडावर एकेरी पसरा. तीन वाटे करा: मोठं, देठासह, डाग नसलेलं; मध्यम किंवा बारीक पण घट्ट; आणि मऊ, फुटलेलं. पहिला वाटा डब्यात, दुसरा क्रेटमध्ये, तिसरा घरी.

धुऊ नका. धूळ दिसली तरी नाही. ओल्या जांभळावर बुरशी यायला एक रात्र पुरते. पाऊस पडून गेल्यावर तोडलेलं फळ पंख्याखाली सुकवूनच भरा.

डबा पाव किलोचा किंवा अर्ध्या किलोचा. त्याहून मोठा केला की खालचं फळ दबतं. क्रेटमध्ये तळाला कागद किंवा जांभळाचीच कोरडी पानं घाला आणि फळांचे दोन-तीन थरच द्या. भरलेल्या क्रेटवर क्रेट ठेवताना वरच्याचा तळ खालच्या फळाला टेकतो का ते हात घालून बघा. भरलेला माल दुपारभर सावलीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवा आणि संध्याकाळी किंवा रात्री हलवा. आठ ते दहा अंशांच्या थंडाव्यात ठेवायची सोय असेल तर फळ आणखी काही दिवस धरतं, मात्र थंड केलेला माल पुन्हा उन्हात उभा राहिला तर लगेच पाझरतो.

तपासा: पहिल्या दिवशी एक डबा घरीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडा. गिऱ्हाईकाला तुमचा माल कसा मिळतो, ते तुम्हाला त्यातून दिसेल.

## टप्पा ११: विक्री

सगळा माल एकाच दारी नेऊ नका. घरच्या बागेला विक्रीचे तीन मार्ग पुरतात.

थेट घरपोच. सगळ्यात चांगला पैसा इथं आहे, पण आगाऊ नोंदणीशिवाय हे जमत नाही. जवळच्या शहरातल्या वसाहती, शाळा-कॉलेजातले कर्मचारी, दवाखान्यातले लोक, ओळखीच्या नातेवाइकांचे शेजारी यांचा व्हॉट्सअॅप गट मेच्या सुरुवातीला करा. आठवड्यातले दोन ठरावीक दिवस सांगा आणि आदल्या दिवशी रात्री आठपर्यंतच नोंदणी घ्या. तोडणी त्या आकड्याप्रमाणे करा. एका वसाहतीत एकाच माणसाकडे सगळे डबे उतरवले तर पेट्रोल वाचतं. वटपौर्णिमेच्या आधीचे दोन दिवस खास लक्षात ठेवा: वाणाला आंब्याबरोबर जांभूळ लागतं, आणि त्या दिवशी पाव किलोचे छोटे डबेच हातोहात जातात.

फळवाले आणि रस्त्यावरचा ठेला. फळवाल्याला रोज थोडा आणि ठरलेल्या वेळी माल हवा असतो. सोमवारी चाळीस किलो आणि मंगळवारी काहीच नाही, असं केलं तर तो दुसरा माणूस शोधतो. हमरस्त्यालगत शेत असेल तर झाडाच्या सावलीत ठेला लावा, पण फळ उन्हात मांडू नका. नमुन्याला एक पाटी पुढं, बाकी माल मागं झाकून.

आडत. उरलेला माल बाजार समितीत जाईल. जाण्याआधी आडत्याशी फोनवर बोला: आज आवक किती, लिलाव किती वाजता. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे आणि फळांवरची आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून कापायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची असते. विक्रीच्या हिशेबाची पट्टी त्याच दिवशी हातात घ्या, वजन आणि कपात तिथंच वाचा. नांदेड-लातूर-धाराशिवकडच्या बागा हैदराबाद किंवा सोलापूरचा विचार करतात. रात्रीच्या प्रवासात फळ टिकलं तरच तो विचार करा, आणि पहिल्या वेळी दोन क्रेटच पाठवा.

भाव ठरवताना मजुरी, डबा, प्रवास आणि रोज निघणारा मऊ, फुटलेल्या फळाचा तिसरा वाटा, हे चारही किलोमागे धरा. बहुतेक जण शेवटचा वाटा विसरतात आणि शंभर किलो तोडले की शंभर किलोंचे पैसे आले असं समजतात.

सावधान: ‘शुगर बरी करणारं फळ’ असं डब्यावर, फलकावर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहू नका. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्या शब्दावर विसंबून एखाद्यानं गोळी बंद केली तर त्याचा जीव धोक्यात येतो. ताजं, आजच तोडलेलं, अमुक गावचं, एवढं लिहिलं तरी माल जातो.

## टप्पा १२: मऊ फळाचं काय करायचं

हे काम तोडणीच्याच दिवशी उरकायचं, उद्यावर ढकलायचं नाही. मऊ फळ निवडून धुवा, हातानं किंवा पल्परनं बी वेगळी करा. भांडी स्टीलचीच हवीत, कारण लोखंडाशी जांभळाच्या तुरटपणाची क्रिया होऊन रंग आणि चव बिघडते. गर अर्ध्या-एक किलोच्या पाकिटात भरून डीप फ्रीजरमध्ये टाका. आइस्क्रीमवाले, रसवंतीवाले आणि लग्नाचे केटरर हंगाम संपल्यावर हा गर घेतात, पण त्यांच्याशी बोलणं फ्रीजर भरण्याआधी झालेलं असावं.

बिया धुऊन कडक वाळवा. अर्धवट वाळलेल्या बियांना डब्यात बुरशी लागते. चूर्ण करून विकायचं असेल तर तेही याच हंगामाचं विका.

शेतातलं ताजं फळ शेतकऱ्यानं विकायला अन्न परवाना लागत नाही. पल्प, सरबत, चूर्ण विकायचं तर एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी हवी. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर मूळ नोंदणी पुरते.

## टप्पा १३: शेवटचा घोस उतरल्यावर

छाटणी हंगाम संपल्याबरोबर, जुलैच्या आत करा. सप्टेंबरनंतर कात्री लावली तर पुढच्या मोहराच्या काड्याच निघून जातात. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि सरळ वर गेलेल्या फांद्या काढा, शेंडे शिडीच्या उंचीवर आणा. पावसाची उघडीप बघून छाटा आणि मोठ्या कापांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा. त्यानंतर शेणखत द्या, झाडांभोवतीची पाण्याची आळी दुरुस्त करा आणि जी झाडं सलग दोन हंगाम बारीक फळ देत आहेत त्यांच्या खोडावर चुन्याची खूण करून ठेवा. त्यांच्यावर चांगल्या झाडाची काडी बांधायची आहे.